‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा डीएनए रिपोर्ट आलाय, आता काय करायचं?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. विषय घरातला आहे, म्हणून गाव विचारू नका. पाचोरा-भडगावकडचा आहे, एवढं पुरे.

आमचे आबा तरुणपणी सुरतेला लूमवर होते. तेव्हा आमच्याकडून गाडीच्या गाडी भरून माणसं उधना-लिंबायतला जायची. आबा तिकडे बारा वर्षं, माय आम्हां पोरांना घेऊन गावी. तीन वर्षांपूर्वी आबा गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी, पंगत उठत असताना, एक चाळिशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याची आई जाताना त्याला सांगून गेली होती, तुझा बाप या गावचा, या घरातला. पुरावा म्हणून एक जुना फोटो. फोटोत आबा आहेत, त्यात शंका नाही. तो म्हणाला, “शेत नको, घर नको. बापाचं नाव कळलं की मी गेलो.”

मोठा भाऊ म्हणतो सातबाऱ्यावर डोळा आहे. बहीण म्हणते नाक बघ, आबांचंच आहे. मी आणि तो, दोघांनी राजीखुशीने एका लॅबला नमुने दिले. दोघांचे मिळून पंधरा हजारांच्या वर गेले. रिपोर्टमध्ये दोन तक्ते आहेत:

१) वाय गुणसूत्राचे २३ मार्कर (म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा), २३ पैकी २३ जुळले.
२) दुसरे २१ मार्कर. त्याखाली ‘सावत्र भावंड निर्देशांक ४.१, संभाव्यता ८०.४ टक्के, निष्कर्ष काढता येत नाही’.

वाय अख्खा जुळतो, तर निष्कर्ष का निघत नाही? आणि ८० टक्के म्हणजे जवळजवळ ‘हो’च नाही का?

सुरतवासी
वाय बापाकडूनच येतो भो. २३ पैकी २३ म्हणजे विषय संपला. लॅबवाले पुढची टेस्ट विकायला असं लिहितात. भावाला गळ्याशी लाव.

कळण्याची_भाकरी
दादा, रक्तगट पाहिले का? आमच्या जाऊबाईंच्या माहेरी असंच प्रकरण होतं, रक्तगटावरच मिटलं.

गिरणाकाठ
पाहिले ताई. आबा बी पॉझिटिव्ह, तोही बी पॉझिटिव्ह.

तापीपल्याड
रक्तगटाने ‘नाही’ म्हणता येतं, ‘हो’ कधीच म्हणता येत नाही. बी गट आपल्याकडे चौकाचौकात सापडतो. आणि ते ‘नाही’सुद्धा जपून म्हणावं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला, त्याची माणसं नेहमीच्या तपासणीत ओ दिसतात, पण त्यांच्या पोटी ए किंवा बी गटाचं मूल येऊ शकतं. तेवढ्यावरून संसार मोडायला नको.

आता मूळ प्रश्न. मी कॉलेजात हाच विषय शिकवायचो, आता निवृत्त होऊन चोपड्याला असतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं. तसंच ते आजोबांकडून बापाकडे आलेलं असतं, आणि बापाच्या सख्ख्या भावाकडेही. चुलता, चुलतभाऊ, चुलत आजोबांचे नातू, एका मूळपुरुषाची जेवढी पुरुष माणसं तेवढ्यांचा वाय एकच, क्वचित एखादा मार्कर बदललेला. हे आडनावासारखं आहे. आडनाव जुळलं म्हणजे माणूस तुमच्या भाऊबंदकीतला आहे एवढं कळतं, नेमक्या कोणत्या घरचा ते कळत नाही. वाय जुळला नसता तर मात्र त्याच दिवशी ‘एका बापाचे नाहीत’ असं छातीठोक सांगता आलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न मी विचारतो, रागावू नका. आबांना भाऊ होते का?

गिरणाकाठ
एक होता. धाकटा. काका.

तोही सुरतेलाच होता. दोघं एकाच खोलीत राहायचे. काकाला जाऊन सहा वर्षं झाली. आणि खरं सांगायचं तर त्या फोटोत काकाही आहे. मी वर लिहिलं नाही, कारण तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुरतवासी
अरे देवा. माझे शब्द मागे घेतो.

तापीपल्याड
मग तुमचा प्रश्न ‘नातं आहे की नाही’ हा उरलाच नाही. नातं आहे. प्रश्न आहे सावत्रभाऊ की चुलतभाऊ, आणि तुमच्या लॅबने हा प्रश्न सोडवायला घेतलेलाच नाही. निर्देशांक ४.१ याचा अर्थ असा, की तुमचा बाप एक आहे असं मानलं तर हे जुळणं जितकं अपेक्षित आहे, ते ‘दोघं एकमेकांचे कोणीच नाहीत’ असं मानलं तर असलं असतं त्याच्या ४.१ पट. तुलना परक्या माणसाशी केलीय, चुलतभावाशी नाही. ८०.४ टक्के हा आकडाही त्यातूनच येतो: आधी शक्यता निम्मी-निम्मी धरायची आणि ४.१ ला ५.१ ने भागायचं. ‘चुलतभाऊ’ हा पर्याय समोर ठेवून हिशेब केला तर ४.१ आणखी खाली येईल.

एवढा कमी का आला तेही सांगतो. प्रत्येक मार्करवर माणसाच्या दोन खुणा असतात, एक आईकडची, एक बापाकडची. बाप आणि मूल यांच्यात प्रत्येक मार्करवर एक तरी खूण जुळलीच पाहिजे. दोन-चार ठिकाणी नाही जुळली की बाप नव्हे. म्हणून बाप-लेकाची टेस्ट खटकन उत्तर देते. भावंडांत असा नियमच नाही. अगदी सख्ख्या भावांतही एखाद्या मार्करवर दोन्ही खुणा एकाच वाटेने येण्याची शक्यता पाव, एक येण्याची निम्मी, एकही न येण्याची पाव. सावत्र भावंडांत निम्म्या ठिकाणी एक, निम्म्या ठिकाणी काहीच नाही. म्हणजे २१ मार्करांत सरासरी दहा-अकरा जागी बापाची तीच खूण, चुलतभावांत पाचेक जागी. वर त्यातल्या कित्येक खुणा गावातल्या कोणाशीही योगायोगाने जुळतात. या गर्दीत दहा आणि पाच वेगळे काढायचे कसे?

आपल्या भागात उदाहरण केळीचं द्यावं. केळीचं पिल म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल, अख्ख्या मळ्यात वारसा एकच. माणसाचं तसं नाही. प्रत्येक पोराला बापाचा निम्मा भाग मिळतो, पण कोणता निम्मा हे दर वेळी नव्याने पिसलेल्या पत्त्यांवर. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के वाटा सारखा असतो, पण प्रत्यक्षात एखाद्या जोडीत चाळिशीच्या खाली तर एखाद्या जोडीत साठीच्या घरात जातो. सावत्रभावात सरासरी २५, चुलतभावात साडेबारा.

भुसावळ_जंक्शन
थोडं विषयांतर, पण कोणाच्या तरी कामी येईल. माझ्या धाकट्या भावाला किडनी द्यायची होती. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एकाच्या कागदावर घरातलं, दुसऱ्याच्या कागदावर खरं. समितीने विचारलं, सख्खे कशावरून? १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात भाऊ जवळचा नातेवाईक आहे, पण कागदांवरून नातं पक्कं होत नसेल तर डीएनए तपासणी सांगता येते. आधी आम्हां दोघांचेच नमुने घेणार होते. तिथल्या बाईंनीच सुचवलं, आई हयात आहे ना, तिचाही घ्या. आईचा नमुना आल्यावर दोघांतला आईचा भाग बाजूला काढता आला आणि बापाचा उघडा पडला. रिपोर्ट स्वच्छ आला.

(टिशू मॅच मात्र अर्धवटच निघाला. सख्खा भाऊ म्हणजे पूर्ण जुळणारच असं आम्ही धरून चाललो होतो, डॉक्टर म्हणाले पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. तरी किडनी बसली. देवाची कृपा आणि गोळ्या.)

कळण्याची_भाकरी
मग मुलीचा नमुना घेतला तर? गिरणाकाठ दादांच्या बहिणीचा? मी वाचलंय की बाप आपलं एक्स गुणसूत्र मुलीला अख्खं देतो.

तापीपल्याड
ताई, वाचलंय ते बरोबर, पण इथे चालणार नाही. बापाकडे एक्स एकच असतो आणि तो प्रत्येक मुलीला तोच जातो. म्हणून दोन बहिणींचा बाप एक आहे का, हे बाप गेल्यावरही एक्सवरून फार चांगलं तपासता येतं. पण दारात आलेला तो सुरतवाला पुरुष आहे. त्याला बापाकडून वाय मिळाला, एक्स त्याच्या आईचा. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही इथे निरुपयोगी, कारण आया वेगळ्या हे आपल्याला आधीच माहीत आहे.

इथे उपयोग आहे तो लाखो जागा वाचणाऱ्या टेस्टचा. तिच्यात साधारण सहा-सात लाख ठिकाणं तपासतात आणि दोन माणसांत सलग लांब तुकडे किती सारखे आहेत ते मोजतात. पण आधी एक सांगा. आबा आणि माय यांचं लग्नाआधीचं काही नातं?

गिरणाकाठ
हो. माय आबांच्या मामाची मुलगी.

तापीपल्याड
वाटलंच. मग तुमची माय ही सुरतवाल्याचीही नात्यातली. त्याचा बाप आबा असोत की काका, दोघंही तिचे आतेभाऊच. म्हणजे बापाच्या वाटेशिवाय मायच्या वाटेनेही तुमच्यात आणि त्याच्यात सरासरी तीनेक टक्के सारखेपणा येणार. सावत्रभाऊ असेल तर २५ ऐवजी २८ च्या आसपास, चुलत असेल तर साडेबाराऐवजी साडेपंधरा. कोणत्या नात्यात किती टक्के, याचा तयार तक्ता बघून उत्तर दिलं तर इथेच फसगत होते. आपल्याकडे मामाच्या मुलीची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झालीत, ते तक्ते बहुतेक परदेशी कुटुंबांवरून बेतलेले.

उपाय सांगतो. मायचा नमुना मिळाला तर उत्तम. त्याहून उपयोगी म्हणजे काकाचा मुलगा. काकाला मुलगा आहे का? असेल तर तिघांना एकत्र तपासा. सुरतवाला ज्याचा सावत्रभाऊ, त्याच्याशी पावाच्या आसपास जुळेल, दुसऱ्याशी त्याच्या जवळपास निम्मा. आणि तुम्ही व तुमचा चुलतभाऊ यांचा आपसातला आकडा ही घरचीच मोजपट्टी, परदेशी तक्ता लागतच नाही.

हे नवीन डोकं नाही. १९८४ मध्ये अलेक जेफ्रीज यांना इंग्लंडात लेस्टरला डीएनए ठशांचा शोध लागला, आणि पुढच्याच वर्षी जे पहिलं प्रकरण आलं ते याच जातीचं. घानाहून परतलेला एक मुलगा, आणि अधिकाऱ्यांचा संशय की तो त्या बाईचा मुलगा नसून भाचा असावा. बाप हाताशी नव्हता. जेफ्रीजनी तिच्या बाकीच्या तीन मुलांवरून बापाचे ठसे जुळवून काढले आणि मुलगा तिचाच ठरला. हाताशी नसलेला माणूस त्याच्या पोरांमधून वाचता येतो, तो असा.

गिरणाकाठ
आबांच्या अस्थी तापीकाठच्या प्रकाशा तीर्थावर विसर्जित केल्या. त्यातली थोडी राख घरी तुळशीखाली आहे. तिचा उपयोग?

तापीपल्याड
नाही. चितेच्या उष्णतेत डीएनए टिकत नाही. आबांचं किंवा काकांचं कधी गाठीचं ऑपरेशन झालं असेल आणि दवाखान्याने बायोप्सीचा मेणाचा ठोकळा जपला असेल तर त्यातून निघू शकतो.

गिरणाकाठ
दोघांचंही तसलं काही नाही. काकाचा मुलगा आहे, गावातच, वाड्याच्या दुसऱ्या खणात.

अमळनेरकर_वकील
कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

एक. घरी गालात काडी फिरवून पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट मनाच्या समाधानापुरता. कोर्टात तो उभा राहायचा तर ओळखपत्र तपासून, साक्षीदारासमोर, सीलबंद नमुना घेतलेला असावा लागतो.

दोन. मोठ्या भावाला सांगा, कोर्ट मागेल त्याला डीएनए टेस्ट देत नाही. अशोक कुमार विरुद्ध राज गुप्ता, सुप्रीम कोर्ट, ऑक्टोबर २०२१. बहिणी म्हणत होत्या हा आमचा भाऊच नाही, टेस्ट करा. तो नको म्हणाला. कोर्टाने त्याच्यावर जबरदस्ती करायला नकार दिला: त्याच्याकडे कागद आहेत, त्यांवर दावा चालवा, खासगीपणाही काही आहे.

तीन. सुरतवाल्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईचं दुसऱ्या कोणाशी लग्न झालेलं होतं का? असेल तर कायद्याच्या नजरेत तो नवराच बाप. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२, जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं कलम ११६. आणि आबांनी किंवा काकांनी तिच्याशी लग्न लावलं असेल, अगदी देवळात का होईना, तर ते दुसरं लग्न म्हणून रद्दबातल, पण पोर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ खाली औरस. त्याला बापाच्या मिळकतीत हक्क आहे. रेवणसिद्दप्पा निकालाने (सप्टेंबर २०२३) तर एकत्र कुटुंबात बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही दिला. तेव्हा ‘शेत नको’ हे आज म्हणतोय ते ठीक, पण टेस्टआधी घरात एकदा बोलून घ्या. तोंडी हक्कसोड चालत नाही.

गिरणाकाठ
त्याची आई विधवा होती, लूमवरच कामाला. लग्न-बिग्न झालं नव्हतं असं तो स्वतःच म्हणतो. जमिनीचं मला खरंच भय नाही वकीलसाहेब. बागायत दोन एकर, त्यातही विहीर आटलेली.

कळण्याची_भाकरी
सगळे टक्के मोजताय, एक बोलू? आज सगळ्या गावाच्या मनात बोट आबांकडे आहे. चुलतभावाची काडी घेतली की ते बोट काकूंकडे वळू शकतं. तुझी माय दोन वर्षं हे गिळून बसलीय. काकूंना अजून घासही दिसलेला नाही. एका वाड्यात दोन विधवा. टेस्टने एकीचा नवरा धुऊन निघेल आणि दुसरीचा मळेल. चुलतभावाला ‘जरा थुंकी दे रे’ म्हणून फसवून नमुना घेऊ नकोस. का घेतोय ते सांगून घे.

सुरतवासी
ताईंशी सहमत. पण एक बाजू त्या माणसाचीही आहे. इथे लिंबायतमध्ये शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाजागी आईचं नाव घेऊन वाढलेली पोरं मी पाहिलीत. चाळिसाव्या वर्षीही ती जागा खुपते.

गिरणाकाठ
ताई, पटलं. बोलतो. वेळ लागेल.

*(सात आठवड्यांनी)*

भुसावळ_जंक्शन
गिरणाकाठ, काय झालं पुढे? सांगण्यासारखं नसेल तर राहू द्या.

गिरणाकाठ
सांगतो. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

चुलतभावाला मळ्यात गाठलं. मोटार बंद केली आणि सगळं सांगितलं, फोटोसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आबांचा निघाला तर तू त्याला घरात घेशील?” मी हो म्हणालो. “मग माझ्या बापाचा निघाला तर मीही बघेन.” मायला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. नमुना देते म्हणाली, पण काकूंसमोर नाही. नमुने द्यायच्या दिवशी चुलतभावाने सवयीने तंबाखूचा बार भरला. तिथल्या मुलीने चूळ भरायला लावून अर्धा तास बाहेर बसवलं. त्या अर्ध्या तासात तो तीनदा म्हणाला, चल परत जाऊ.

आकडे असे. मी आणि चुलतभाऊ: १६ टक्के. मी आणि सुरतवाला: १५ टक्के. चुलतभाऊ आणि सुरतवाला: २६ टक्के.

तापीपल्याड
म्हणजे चुलतभाऊ तुमच्यापासून जितका दूर, तितकाच सुरतवालाही. आणि ते दोघं एकमेकांच्या त्याहून बरेच जवळ. मायचा नमुना काय म्हणतो?

गिरणाकाठ
मायचा भाग वजा करूनही तेच. रिपोर्टमध्ये या वेळी स्पष्ट लिहिलंय, दोघं एकाच बापाचे, आया वेगळ्या. काकाचा आहे तो.

माझी बहीण अजून म्हणते नाक आबांचं. आहेच. काकाचंही तसंच होतं.

सुरतवाल्याला फोन चुलतभावानेच केला. मी शेजारी होतो. “मना भाऊ शे तू,” एवढंच म्हणाला आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माय त्या रात्री दोन वर्षांनी पोटभर जेवली आणि मला तिच्याकडे बघवेना, कारण भिंतीपलीकडे काकू ‘भाजी पाठवू का’ विचारत होत्या. काकूंना अजून काही माहीत नाही. चुलतभाऊ म्हणतो तू सांग, तू मोठा. मी म्हणतो तुझी आई आहे. सुरतवाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतो म्हणालाय, बायको-पोरांसह. कोणी सांगायचं?

अमळनेरकर_वकील
रिपोर्टच्या प्रती कोणाकोणाकडे आहेत? मोबाईलवरून पुढे पाठवू नका. आधी ते बघा.

कळण्याची_भाकरी
तूही नाही आणि तोही नाही. तुझ्या मायला सांगू दे. ती दोन वर्षं त्या जागी बसून आलीय. आणि आखाजीच्या आदल्या दिवशी नको, आत्ताच. पितरांची घागर भरायच्या दिवशी काकूंना काकांचं नाव घ्यायचंय.

गिरणाकाठ
मायला विचारलं. उद्या सकाळी जाते म्हणाली, भाजीचं भांडं परत द्यायला.